सोनूबाईची दहा मिनिटं

११ मार्च १९८७, बुधवार

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी हातात कात्री आल्याशिवाय सकाळचा चहा घशाखाली उतरत नाही. तेहतीस वर्षं फोर्टातल्या कंपनीत मी देशी-परदेशी वर्तमानपत्रं वाचली, कापली, चिकटवली आणि प्रत्येक कात्रणाखाली दोन ओळींचा सारांश लिहिला. साहेबाला तिसरी ओळ वाचायला वेळ नसे. माझे सारांश लंडनच्या कचेरीतही जात, आणि तिकडून कधीही एक शंका आली नाही.

आज त्याच कचेरीतून चंद्रप्रकाशचा फोन आला. माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा, आता माझ्याच खुर्चीत बसतो. लंडनच्या एका साप्ताहिकाचा बातमीदार मुंबईत आला आहे. दिल्लीत राष्ट्रपती आणि पंतप्रधानांचं बिनसलंय आणि राष्ट्रपतींनी टपालाच्या विधेयकावर अजून सही केलेली नाही, तेव्हा या पदाबद्दल सामान्य माणसाला काय वाटतं ते त्याला लिहायचं आहे. सोबत इंग्रजी उत्तम येणारं कोणी हवं. "मॅडम, तुमच्याशिवाय कोण?" हे मात्र खरं.

या लोकांना मी चांगली ओळखते. आमच्या राष्ट्रपतींवरचा यांचा एकही लेख राष्ट्रपती भवनाच्या खोल्या मोजल्याशिवाय सुरू होत नाही. तीनशे चाळीस खोल्या, मग घोडेस्वार, मग भाले, मग पगड्या, आणि शेवटी बिचारा एक म्हातारा, ज्याच्या हातात काही नाही. यांच्या राणीने सही केली तर ती परंपरा. आमच्या राष्ट्रपतींनी केली तर रबरी शिक्का. या विषयावर माझ्याकडे अख्खी फाईल आहे. या बातमीदाराला मी ती दाखवणार आहे. याला शिकवल्याशिवाय सोडणार नाही.

त्याला सामान्य माणूस दाखवायला मी कोळीवाड्यात नेणार. माझी मामेबहीण सोनूबाई तिथे खारगल्लीत राहते.

१४ मार्च, शनिवार

बातमीदाराचं नाव पामर. पस्तिशीचा असेल, नाक उन्हाने सोललेलं. अंधेरी स्टेशनाबाहेर भेटला. बसमध्ये मी फाईल उघडली, तर म्हणाला, नंतर बघू. नंतर त्याने पाहिली नाही.

कोळीवाड्यात वाळवणीचं मैदान भरलेलं होतं. बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील जोडीजोडीने लटकत होते आणि वास असा, की पामरने रुमाल काढला. मला त्याचा राग आला, पण माझाही हात पर्समधल्या रुमालावर गेला होता. मी तो काढला नाही.

सोनू डोक्याला फडकं बांधून बोंबील उलटत होती. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, बासष्टची. मला बघताच ओरडली, "आली का गो मॅडम! हा लाल माकर कुठून धरून आनलास?" मी माकड गाळलं आणि पामरला सांगितलं, ती तुमचं स्वागत करते आहे.

त्याने विचारलं, तुमचे राष्ट्रपती काय काम करतात, असं तुम्हाला वाटतं?

मी भाषांतर केलं आणि सोनू सुटली. दहा मिनिटं! वाळवण मंडळाचे म्हातारे अध्यक्ष तुळशीदासकाका, त्यांची उशी, मैदान मागणारा बिल्डर, बोंबील, आणि मध्येच दिल्लीचा म्हातारा. राष्ट्रपतींना म्हातारा! त्यात दोन शिव्या, एक तर पुरुषांनीही चारचौघांत देऊ नये अशी. पामर वही उघडून माझ्याकडे बघत होता. मी सवयीने सार काढलं. एका वाक्यात सांगितलं, ती म्हणते, त्यांच्याकडे कागद येतात आणि सही करणं हे त्यांचं काम आहे.

"एवढंच?" पामर म्हणाला.

"मूळ मुद्दा एवढाच," मी म्हटलं.

त्याने तिचा फोटो काढला. सोनूने मला विचारलं, "सगलं सांगितलंस ना गो?"

"सगळं," मी म्हटलं.

परतताना मी त्याला घटनेतली कलमं समजावली. त्याने आभार मानले. एकंदरीत दिवस उत्तम गेला. देशाची बाजू योग्य हातात होती.

१५ मार्च, रविवार

पदराला अजून बोंबलाचा वास आहे. कॉन्व्हेंटमध्ये मला खिडकीजवळ बसवत, ते आठवलं. माझी आई अंजनाबाई दर शुक्रवारी नन्सना मासळी पुरवी, कारण शुक्रवारी त्या मटण खात नसत. एके दिवशी मदरने मासळीच्या पाटीमागे उभी असलेली मी पाहिली आणि म्हणाली, हिला इथे पाठव. शुक्रवार नसता, तर मी आज सोनूच्या शेजारी बोंबील उलटत असते.

लुगडं दोनदा धुतलं.

२ एप्रिल, गुरुवार

चंद्रप्रकाशने अंक पाठवला.

पहिलंच वाक्य: "तीनशे चाळीस खोल्यांच्या महालात एक वृद्ध गृहस्थ सहीसाठी कागदांची वाट बघत असतो." मग घोडे. मग भाले. पानाच्या मधोमध सोनूचा फोटो, फडकं बांधलेली, तोंड उघडं. खाली जाड टाइपात: "त्याला देतात त्यावर तो सही करतो. मुंबईची एक कोळीण." तिचं नाव नाही. माझं कुठेच काही नाही. कलमांचा तर पत्ता नाही.

साडेतीनशे वर्षं इथे काढून यांना एवढंच शिकता आलं. आमच्या देशातली एक कष्टाळू बाई यांनी पकडलेल्या आरोपीसारखी छापली, आणि तिच्या तोंडी असं वाक्य घातलं! मी निषेधाचं पत्र लिहिणार, आणि एकटीने नाही. अख्ख्या कोळीवाड्याच्या सह्या घेणार.

५ एप्रिल, रविवार

कालच लेखाच्या ऐंशी झेरॉक्स काढल्या. खाली मराठी भाषांतर मी माझ्या अक्षरात केलं, म्हणजे लोकांना अपमान नीट कळेल. आज खारगल्लीत घरोघर वाटल्या.

सोनू घरी नव्हती, माहीमला लग्नाला गेली होती. तिचा चुलतदीर हरेश्वर भेटला. बर्फाच्या कारखान्यात मॅनेजर आहे, चाळिशीचा, सोन्याची साखळी, तोंडात सतत "झकास". तुळशीदासकाका थकलेत म्हणून वाळवण मंडळाचं अध्यक्षपद जुलैत सोडणार आहेत, आणि त्या जागेला हरेश्वरही उभा आहे, सोनूही. इथे मत म्हणजे टोपलीत टाकलेली सुपारी. मैदान मंडळाच्या नावावर आहे. अध्यक्षाच्या सहीशिवाय त्याचा एक बांबूही हलत नाही.

हरेश्वरने कागद दोनदा वाचला. "मॅडम, झकास काम केलंत. अजून दहा कॉपी मिळतील काय?"

मी दिल्या. या मुलात देशाभिमान आहे, असं मला वाटलं नव्हतं.

१९ एप्रिल, रविवार

सह्या गोळा करायला गेले. एकही नाही.

पहिल्याच दारात शेवंतीने कागद परत केला. माझ्या आईच्या मैत्रिणीची ही मुलगी. म्हणाली, "मॅडम, आम्ही सोनूबायला सुपारी टाकनार होतो. आता कशी टाकू? तीच बोलते, अध्यक्षाला देतात त्यावर तो सही करतो. उद्या बिल्डरने दिला कागद, तर करेल ना सही?"

मी म्हटलं, "अहो, ते राष्ट्रपतींबद्दल होतं."

"राष्ट्रपती म्हनजे अध्यक्षच ना? हरेश्वर बोलला, सोनूबाय बोलते एक आनि तिच्या पोटात दुसरंच. तो बोलतो, मी निदान सरल सांगतो, मैदान द्या, प्रत्येकानं खोली घ्या."

सोनू मैदानात होती. वलांडीआडून तिने मला पाहिलं आणि पाठ केली. मी पुढे जाऊन म्हटलं, "सोनू, या लंडनवाल्यांना मी सोडणार नाही."

ती वळली. एवढ्या वर्षांत ती माझ्यावर कधी आवाज चढवून बोलली नव्हती. आजही चढवला नाही, तेच वाईट.

"रत्नी, त्या लाल माकराशी मी बोललीच नाय. मी तुझ्याशी बोलली. तुना त्याला काय सांगितलंस?"

"मी सार सांगितलं."

"सार सांगितलंस ना? मग मासा कुठं गेला?"

वारा होता, डोळ्यांत काहीतरी गेलं. बस मिळायला पाऊण तास लागला.

२० एप्रिल, सोमवार

समोरच्या ब्लॉकमधली नलिनी रात्रीची आमटी घेऊन आली. तिचे यजमान गिरणीत होते, संपानंतर घरी बसले. बाई चांगली, पण मालवणी जिभेला लगाम नाही. तिला सगळी हकिगत सांगितली.

तिने वाटी खाली ठेवली. "अगो, दहा मिन्टांचा तू एक वाक्य केलंस. तेणां त्या वाक्याचो मथळो केल्यान. धंदो एकच मां तुमचो?"

मी म्हटलं, माझा सारांश बिनचूक होता. राष्ट्रपतींकडे कागद येतात. ते सही करतात. यात खोटं काय?

"खोटा कायच नाय," नलिनी म्हणाली. "पण सोनूबायन ह्या सांगल्यान काय?"

आमटी खारट होती. तिला तसं सांगितलं.

४ मे, सोमवार

संपादकांना पत्र टाकलं. सहा पानं, कलम ५३ पासून १११ पर्यंत, आणि शेवटी त्यांच्या राणीबद्दल एक परिच्छेद, जो मला स्वतःला फार आवडला. आता बघू.

२० मे, बुधवार

उत्तर नाही. चंद्रप्रकाश फोनवर म्हणाला, "मॅडम, सहा पानं कोण छापणार? तुम्हीच शिकवलंत ना, तिसरी ओळ कोणी वाचत नाही."

मी फोन ठेवला. शिष्यांना फार शिकवू नये.

हरेश्वरने माझ्या झेरॉक्स वेताळाच्या देवळाच्या भिंतीला खळीने चिकटवल्या आहेत, असं कळलं. माझं अक्षर, माझं भाषांतर. शेवंतीच्या गल्लीत आता बायका सोनूशी धड बोलत नाहीत. बेचाळीस वर्षं ती त्या मैदानावर उभी आहे. वलांड्या गेल्या तर बोंबील वाळवणार कुठे? चौथ्या मजल्याच्या गॅलरीत?

झोप नाही. काल मला एकाएकी वाटलं, की सोनू दहा मिनिटं नेमकं काय म्हणाली, ते मला पुरतं आठवतच नाही. मी ऐकत असतानाच गाळत होते.

२१ मे, गुरुवार

सकाळच्या पहिल्या बसने गेले. सोनू ओट्यावर सुके बोंबील निवडत बसली होती. मी म्हटलं, "त्या दिवशी बोललीस ते परत सांग. मी लिहून घेते."

"कशाला? आता कोनचा माकर आनलास?"

"कोणी नाही. मीच आहे."

तिने टोपली माझ्या पुढ्यात सरकवली. "बस. हात चालव. मोडके इकडं, सारखे तिकडं. हात चालला तरच मी बोलनार."

तेव्हा मी मांडी घालून बसले आणि बोंबील निवडू लागले. मोडका कुठला आणि सारखा कुठला, ते बोटांना अजून कळत होतं, याचं नवल वाटलं. ती बोलली. थांबली, की मी पदराला हात पुसून वहीत लिहायचे. पान तेलकट झालं आहे. इथे जसंच्या तसं उतरवते:

"सही करतो तो मोठा नसतो गो. सही आमचा कारकून पन करतो. मोठा तो, ज्याच्या सहीसाठी लोकांच्या चपला झिजतात. बिल्डरने मैदानाचा कागद आनला, तवा आमचा तुलशीदास बोलला, ठेव. आनि उशीखाली घालून सात म्हयने झोपला. नाय बोलला नाय, हो पन बोलला नाय. नाय बोलला असता तर भांडन झालं असतं, पोरं फुटली असती. बिल्डर आला का हा बोलायचा, वाचतंय. आनि त्या मेल्याला वाचता कुठं येतंय! सात म्हयन्यांनी बिल्डर कंटालून गेला. दिल्लीचा म्हातारा पन तेच करतंय. लोकांची पत्रं फोडायचा कायदा आनलाय ना त्यांनी? म्हाताऱ्याने कागद उशीखाली घातला. मोठा महाल हाय त्याचा, ते मना काय करायचं? खोल्या तीनशे असोत नायतर एक, उशी एकच लागते."

आणि त्यानंतरची शिवी. तीही लिहिली आहे.

मी तिला म्हटलं, टपालाचं विधेयक तुला कसं माहीत? म्हणाली, "बोंबील कशात बांधतो? पेपरात. बांधायच्या आधी वाचते."

तेहतीस वर्षं मी पेपर कापले. या विधेयकावरच्या माझ्या फाईलमध्ये एकोणीस कात्रणं आहेत. त्यांतलं एकही मला इतकं समजलं नव्हतं. हे फक्त इथेच लिहिते आहे.

निघताना तिने सारख्या बोंबलांची जुडी दिली. कागदात बांधून. कागद माझ्या झेरॉक्सचा होता.

२५ मे, सोमवार

दुसरं पत्र टाकलं. यात माझं एकच वाक्य: "आपल्या अंकात एका कोळिणीच्या तोंडी घातलेलं विधान तिचं नाही, तिचं म्हणणं असं होतं." मग सोनूचं सगळं बोलणं, इंग्रजीत. "उशी"वर अडीच तास गेले. "मेल्या"ला इंग्रजीत शब्दच नाही, किती दरिद्री भाषा. खाली सोनूचं संपूर्ण नाव आणि नंतर माझं.

ते विधान कोणाचं होतं, ते लिहिलं नाही. त्याची जरूर नव्हती.

२८ जून, रविवार

लंडनहून काही नाही. दोन रविवारांनी निवड आहे. दिल्लीतही जुलैतच नवे राष्ट्रपती निवडायचे आहेत, तेव्हा परदेशी अंकांत खोल्या पुन्हा मोजायला सुरुवात झाली आहे. एकाने मोरही मोजले.

नलिनी म्हणते, "तुझा पत्र येवच्या आधी सुपाऱ्या पडतले. मग?"

मग काय, ते मला माहीत आहे. तिला सांगितलं नाही.

१२ जुलै, रविवार

सविस्तर लिहायला हवं, पण आधी चहा केला आणि कात्री न घेता प्यायले.

खारगल्लीची रीत अशी, की घरटी एक सुपारी. देवळाच्या सभामंडपात दोन टोपल्या ठेवतात, प्रत्येक घरातून एक जण येऊन सुपारी टाकतो. त्रेसष्ट घरं. माझ्या आईचं घर बंद असलं, तरी सुपारी आहे. ती मी आयुष्यात कधी टाकली नव्हती.

हरेश्वर आधी बोलला. हातात झेरॉक्स. "मी सोनूवहिनीला काय बोलत नाय. हे लंडनचा पेपर बोलतंय. आपले मॅडम एवढे शिकलेले, त्यांनी स्वतः लिहून दिलंय. अध्यक्षाला देतात त्यावर तो सही करतो. यार, मग मीच करतो ना सही, निदान खोल्या तरी झकास मिळतील!" पुरुष हसले. बायका हसल्या नाहीत, आणि सोनूकडे बघितलंही नाही. तुळशीदासकाका खांबाला टेकून बसले होते, डोळे मिटून.

मी उठले. सुरुवात केली: "बंधू-भगिनींनो, वस्तुस्थिती अशी आहे की..."

मागून कोणीतरी बाई ओरडली, "मॅडम, आमच्या बोलीत बोला, नायतर बसा!"

चाळीस वर्षं मी ती बोली तोंडात घेतली नव्हती. आईच्या अंत्ययात्रेतही नाही. तोंड उघडलं, तेव्हा आवाज माझा नव्हता, आईचा होता.

"मी अंजनीची पोर. पाटीमागं उभी राहायची ती. आयका. त्या कागदावरचं वाक्य सोनूचं नाय. माजं हाय. तिनं दहा मिनटं सांगितलं, ते मना लाज वाटली म्हनून मी गिललं आनि सायबाला चार शब्द दिलं. सायब खोटा नाय. अर्धं सांगनारी मी खोटी. आता ती काय बोलली, ते आयका."

आणि वही उघडून वाचलं. तेलकट पान दिव्यासमोर धरावं लागलं. "त्या मेल्याला वाचता कुठं येतंय" इथे मंडप फुटला. तुळशीदासकाकांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "अजून वाचतंय!" त्यांनी फतुईच्या खिशातून घड्या पडलेला कागद काढून वर धरला. सात महिने उशीखाली होता तोच. हास्याने देवळाची कबुतरं उडाली. "उशी एकच लागते" म्हटलं, तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. शेवंती उठली, सरळ सोनूच्या टोपलीकडे गेली आणि सुपारी अशी टाकली, की आवाज झाला.

शिवीही वाचली. तिला सगळ्यांत मोठ्या टाळ्या.

सोनू पंचेचाळीस, हरेश्वर अठरा. आईच्या घरची सुपारी मी टाकली. खारगल्लीच्या वाळवण मंडळाला पहिली बाई अध्यक्ष मिळाली.

बाहेर पडताना सोनू म्हणाली, "आवाज सापडला का गो?" मी म्हटलं, घसा बसलाय. म्हणाली, "बसूदे. मोठा हाय तुझा घसा."

नलिनीला सांगितलं, तर म्हणते, तू चूक कबूल केलीस, बरं झालं. मी कबूल वगैरे काही केलेलं नाही. मी मंडळासमोर वस्तुस्थिती नमूद केली.

१७ जुलै, शुक्रवार

दिल्लीतही निकाल लागला, नवे राष्ट्रपती निवडून आले. टपालाचा कागद जुन्यांनी सही न करताच ठेवला आहे. सोनूला सांगितलं. म्हणाली, "जाताना उशी ठेवून जा म्हनावं."

२४ जुलै, शुक्रवार

चंद्रप्रकाश अंक घेऊन स्वतः अंधेरीला आला, पावसात, छत्री उलटी झालेली. "मॅडम, छापलं!"

वाचकांच्या पत्रांत, तळाशी. माझं सुरुवातीचं वाक्य उडवलेलं. तुळशीदासकाका उडवलेले. सात महिने उडवले. शिवी तर अर्थातच नाही. राहिल्या तीन ओळी: "मोठा तो, ज्याच्या सहीसाठी लोकांच्या चपला झिजतात. खोल्या तीनशे असोत नाहीतर एक, उशी एकच लागते. सोनूबाई, खारगल्ली, मुंबई."

माझं नाव नाही.

मी संतापाने अंक आपटला. दहा मिनिटांच्या तीन ओळी! मूळ लेखाइतकंच लांब पत्र होतं, आणि एका कारकुनाने बसल्या जागी कापलं! तो कोण ठरवणार काय महत्त्वाचं? या लोकांना ऐकायची सवयच नाही. चंद्रप्रकाश खाली बघत होता. हसत होता, असा संशय आहे.

तरी त्या तीन ओळी त्यांच्या राणीच्या फोटोशेजारी आल्या आहेत, आणि संपूर्ण अंकात खोल्यांचा आकडा यावेळी एकदाच आहे. तोही सोनूचा. कात्रण कापलं, फाईलमध्ये सगळ्यांत वर लावलं. खाली सारांश लिहिला नाही.

२२ ऑगस्ट, शनिवार

नारळी पौर्णिमा झाली, होड्या समुद्रात गेल्या. मैदानावर वलांड्यांचे नवे बांबू बांधायला सुरुवात झाली. सोनूने बोलावलं होतं. बिल्डरचा वकील येणार होता.

आला. सुटात, चामड्याची बॅग, बूट चिखलात. बंगलोरचा माणूस, मराठी नाही, हिंदी मोडकी. सोबत हरेश्वर. वकिलाने नवा कागद काढला, इंग्रजी, सतरा पानं, आणि जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने फुली. मला म्हणाला, बाईंना विचारा, त्यांचा काय विचार आहे?

मी विचारलं.

सोनूने कागद घेतला. उलटा धरून पाहिला, मग सुलटा. वास घेतला. मग बोंबलांच्या रिकाम्या पिंपाचं झाकण उघडून आत ठेवला, झाकण लावलं आणि त्यावर बसली.

मग बोलली. तुळशीदासकाकांपासून सुरुवात केली. तिच्या सासूच्या काळात मैदान कसं होतं, ते आलं. चपला आल्या, उशी आली, दिल्लीचे दोन्ही म्हातारे आले. बिल्डरच्या आजोबांबद्दल काही अंदाज आले. हरेश्वर हळूहळू बर्फाच्या कारखान्याच्या दिशेने सरकत होता. मी घड्याळ पाहिलं. बारा मिनिटं.

वकील माझ्याकडे वळला. "मॅडम, थोडक्यात काय म्हणाल्या?"

"थोडक्यात नाही," मी म्हटलं.

आणि कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत, मदरने शिकवलेल्या उच्चारांत, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. चौदा मिनिटं लागली, कारण शिव्यांना नीट समजावून सांगावं लागलं.

वकील लालबुंद होऊन उभा होता. शेवटी म्हणाला, "मग मी त्यांना काय कळवू?"

मी सोनूला विचारलं. ती पिंपावरून न हलता म्हणाली, "सांग त्याला, वाचतंय."